प्रकाशाने चालणारे उत्प्रेरक व हवेची शुद्धी

हवा कशाने दूषित होते हे मुलांना सांगणे फारसे अवघड नाही. चुलीचा धूर, मोटारीचा धूर, वीटभट्टी, उसाच्या फडात पेटविलेले पाचट ही उदाहरणे गावातलीच आहेत. पण दूषित झालेली हवा पुन्हा शुद्ध कशी करावयाची, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले, म्हणजे ‘झाडे लावावीत’ एवढ्या उत्तरावर पाठ बहुधा संपतो. अलीकडे या प्रश्नाचे आणखी एक उत्तर बाजारातून ऐकू येऊ लागले आहे. ते म्हणजे हवा शुद्ध करणारा रंग. भिंतीला तो लावला, की उन्हाच्या योगाने भिंतच हवेतील विषारी वायू नाहीसे करते, असे त्याचे वर्णन केले जाते. शाळेची इमारत रंगविण्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला आणि असा रंग कोणी सुचविला, तर सभेतील सर्वांचे डोळे साहजिकच गुरुजींकडे वळतात. या रंगामागचे शास्त्र खोटे नाही, उलट मोठे मनोवेधक आहे. परंतु प्रयोगशाळेतील यश आणि उघड्या हवेतील यश यांत बरेच अंतर आहे. ते अंतर नेमके कोठे पडते हे शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम ‘उत्प्रेरक’ हा शब्द स्पष्ट व्हावयास हवा. जो पदार्थ रासायनिक क्रिया जलद घडवून आणतो, परंतु त्या क्रियेत स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक होय. हे समजावून देताना विरजणाचा दृष्टान्त देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. विरजणातील जंतू दुधात वाढतात, म्हणजे विरजण आहे तसे राहत नाही. त्यापेक्षा सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थाचे उदाहरण बरे. तो दोन घरे एकत्र आणतो, लग्न लागते, आणि तो मोकळा होऊन पुढच्या सोयरिकीच्या मागे लागतो. वर्गात प्रत्यक्ष दाखवावयाचे असल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे, शेकडा तीन प्रमाणाचे हायड्रोजन पेरॉक्साइड एका ग्लासात थोडे घ्यावे आणि त्यात कच्च्या बटाट्याची चकती सोडावी. चकतीभोवती बुडबुडे फसफसून वर येतात. तो प्राणवायू होय. बटाट्यातील एका एन्झाइमामुळे पेरॉक्साइडचे विघटन त्वरेने होते. बुडबुडे थांबल्यावर द्राव बदलून तीच चकती पुन्हा टाकली, की पुन्हा बुडबुडे येतात. असे अनेक वेळा केल्यावर मात्र चकतीचा जोर कमी होतो. हीही गोष्ट मुलांच्या नजरेस आणावी. उत्प्रेरक खर्च होत नाही हे खरे, पण तो बिघडू शकतो, आणि पुढे भिंतीच्या बाबतीत हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. हा द्राव शिक्षकांनी स्वतःच ओतावा. मुलांच्या डोळ्यांत तो उडता कामा नये.

आता प्रकाशाने चालणाऱ्या उत्प्रेरकाकडे वळू. यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. नाव अपरिचित वाटले तरी वस्तू घरोघर आहे. तैलरंग, प्लॅस्टिक, कागद, दात घासण्याची पेस्ट यांना शुभ्रपणा येतो तो बहुतांशी याच पांढऱ्या पुडीमुळे. ती इल्मेनाइट व रुटाइल या खनिजांपासून तयार करतात. इल्मेनाइटची काळी वाळू केरळच्या किनाऱ्यावर विपुल आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही तिचे साठे आहेत. कोकणातील शिक्षकांना अशी वाळू मिळाल्यास वर्गात जरूर दाखवावी. काळ्या वाळूतून जगातील सर्वांत पांढरी रंगपूड निघते, या गोष्टीचे मुलांना नवल वाटेल.

या पुडीचा प्रकाशाशी असलेला विशेष संबंध प्रथम लक्षात आला तो गुण म्हणून नव्हे, दोष म्हणून. पांढरा तैलरंग दिलेली खिडकी काही वर्षे उन्हात राहिली, की तिच्यावरून हात फिरविताच पांढरी भुकटी हाताला लागे. उन्हात ही पूड आपल्याभोवतीचे तेलच हळूहळू जाळून टाकते आणि मोकळी होते, असे त्याचे कारण होते. १९३८ साली लंडन येथे गुडईव्ह व किचनर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या पुडीच्या सान्निध्यात प्रकाशाने रंगद्रव्य विटते आणि यात पूड उत्प्रेरकाचे काम करते. रंगाच्या कारखानदारांना हे अर्थातच नको होते. त्यांनी पुडीच्या कणांवर सिलिका, ॲल्युमिना अशा निरुपद्रवी पदार्थांचे पातळ कवच चढवून तिची खोड मोडली. साध्या पांढऱ्या रंगात हेच द्रव्य असूनही तो हवा शुद्ध करीत नाही, याचे एक मुख्य कारण हे कवच होय. दुसरे कारण असे, की या द्रव्याची स्फटिकरूपे निरनिराळी आहेत. रंगासाठी बहुधा रुटाइल हे रूप वापरतात, तर उत्प्रेरक म्हणून ॲनाटेज हे रूप अधिक चपळ ठरते.

दोषाचा गुण होण्यास जपानमधील एक शोध कारणीभूत झाला. तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक होंडा यांच्या हाताखाली संशोधन करीत असलेल्या अकिरा फुजिशिमा या तरुण विद्यार्थ्याला १९६७ साली असे आढळले, की पाण्यात बुडविलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश पाडला असता त्यावरून वायूचे बुडबुडे निघतात. पाण्याचे विघटन होत होते. गुरुशिष्यांनी हा शोध १९७२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी जगाचे लक्ष पाण्यापासून इंधन मिळविण्याकडे वेधले गेले. पाणी व हवा यांतील घाण नाहीशी करण्याकडे या शोधाचा रोख वळला तो पुढे.

ही क्रिया घडते कशी? स्फटिकातील इलेक्ट्रॉनांसाठी जणू दोन मजल्यांचे घर आहे अशी कल्पना करावी. खालचा मजला भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये जिना नाही. प्रकाशाचा पुरेसा जोरकस कण आदळला, की खालचा एखादा इलेक्ट्रॉन उसळून वरच्या मजल्यावर जातो व खाली त्याची जागा रिकामी होते. वरचा इलेक्ट्रॉन हवेतील प्राणवायूला चिकटून त्याला क्रियाशील करतो. खालची रिकामी जागा पृष्ठावर असलेल्या पाण्याच्या अंशातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक मूलक निर्माण होतो. या दोघांच्या तावडीत सापडलेला दूषित वायूचा रेणू ऑक्सिडीकरण होऊन बदलतो. मोटारींच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रथम नायट्रोजन डायऑक्साइड व शेवटी नायट्रेट होते, आणि नायट्रेट भिंतीवरच राहते. सेंद्रिय वाफांचे, क्रिया पूर्ण झाल्यास, कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. उन्हाने तेल जाळणारी जुनी खोडच येथे कामी आली आहे.

तथापि यात तीन अडचणी आहेत, आणि गेल्या अर्धशतकातील बहुतेक सुधारणा या तिहींपैकी कोणत्या तरी एकीवर केलेला उपाय आहे.

पहिली अडचण प्रकाशाची. ॲनाटेजच्या दोन मजल्यांमधील अंतर एवढे आहे, की सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाशच इलेक्ट्रॉनाला वर पोचवू शकतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे तो सगळाच येथे निरुपयोगी. काम करतात ते अतिनील किरण (जुन्या पुस्तकांतील जंबुपार किरण), आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा शेकडा चार-पाच एवढाच असतो. दिसणारा प्रकाश भरपूर आहे, मग तो का चालत नाही, असे मुले विचारतील. त्यांना उंच फांदीवरच्या आंब्याचे उदाहरण द्यावे. आंबा पाडावयास तेथवर पोचणारा एक दगड हवा. निम्म्या उंचीवरून परतणारे शंभर दगड मारले तरी आंबा जागचा हलत नाही. प्रकाशाच्या कणांचेही असेच आहे. त्यांची संख्या वाढवून दुबळेपणाची भरपाई होत नाही.

यावर उपाय म्हणजे फांदीच खाली आणणे. २००१ साली जपानमधील टोयोटाच्या संशोधनकेंद्रातील आसाही व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिटॅनियम डायऑक्साइडमधील प्राणवायूच्या काही अणूंच्या जागी नायट्रोजनचे अणू बसविले. पांढरी पूड पिवळसर झाली आणि सुमारे ५०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे निळा प्रकाशही तिला चालू लागला. पिवळसर दिसणे हीच निळा प्रकाश शोषला जात असल्याची खूण होय. पण ही सुधारणा फुकट मिळत नाही. परके अणू बसविलेल्या जागी इलेक्ट्रॉन अडकून पडतात व वाया जातात, आणि दृश्य प्रकाशात मिळणारे काम अतिनील प्रकाशातील कामाच्या मानाने तोकडेच राहते. दुसरा मार्ग मूळ द्रव्यच बदलण्याचा. २००९ साली कार्बन नायट्राइड हे पिवळे द्रव्य पुढे आले. यात धातू नाही, ते दृश्य प्रकाशात काम करते, आणि शेतकऱ्याच्या घरी असणाऱ्या युरियापासूनही ते बनविता येते. बंद पात्रात युरिया सुमारे ५५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्या वेळी अमोनिया व इतर घातक वाफा निघतात. म्हणून हा प्रयोग शाळेत करावयाचा नाही. कार्बन नायट्राइडचा उणेपणा असा, की त्याची ऑक्सिडीकरणाची शक्ती टिटॅनियम डायऑक्साइडपेक्षा कमी आहे. फांदी खाली आली खरी, पण तीवरचे फळही लहान झाले.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वर गेलेला इलेक्ट्रॉन व खालची रिकामी जागा यांना परस्परांची ओढ असते. संधी मिळताच इलेक्ट्रॉन खाली उडी घेतो, सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने फुकट जाते, आणि बहुसंख्य जोड्यांची हीच गत होते. सेकंदाचा अत्यल्प अंश पुरतो. म्हणून दोघांची ताटातूट करण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या. पुडीच्या कणांवर प्लॅटिनमचे किंवा चांदीचे सूक्ष्म ठिपके बसविले, की इलेक्ट्रॉन त्या ठिपक्यांत जाऊन बसतो. दोन वेगळी द्रव्ये एकमेकांस चिकटवून ठेवली, तर इलेक्ट्रॉन एकीकडे व रिकामी जागा दुसरीकडे जाते. नुसत्या शुद्ध ॲनाटेजपेक्षा, सुमारे चार भाग ॲनाटेज व एक भाग रुटाइल असलेली एक बाजारी पूड कित्येक क्रियांत सरस ठरते. बरीच वर्षे ती तुलनेचे मापच होऊन बसली आहे. तिचे हे यशही पुष्कळसे दोन रूपांच्या संगतीमुळे आहे असे मानतात.

तिसरी अडचण पृष्ठभागाची. क्रिया घडते ती केवळ पृष्ठावर. कणाच्या पोटातील द्रव्याला वायूचा स्पर्शच होत नाही. म्हणून कण जितके बारीक तितके बरे. वर सांगितलेल्या बाजारी पुडीचे कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात, आणि तिच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या आसपास भरतो. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब वर्गखोलीची जमीन ४८ चौरस मीटर होते. चिमूटभर पूड आणि अवघी वर्गखोली, ही तुलना फळ्यावर करून दाखविण्यासारखी आहे. विळीवर भाजी बारीक चिरली म्हणजे लवकर शिजते, तेथपासून हा मुद्दा सुरू करता येईल.

येथवरचे वाचून असे वाटेल, की या तीन अडचणी सुटल्या म्हणजे प्रश्न सुटला. प्रयोगशाळेत तसे दिसतेही. परंतु हवा शुद्ध करणे म्हणजे एक वायू नाहीसा करणे नव्हे. त्याच्या जागी काय निर्माण झाले हेही पाहावे लागते. नायट्रिक ऑक्साइडचे ऑक्सिडीकरण अर्ध्यावर थांबले, तर नायट्रोजन डायऑक्साइड मोकळा सुटतो, आणि फुफ्फुसांना तो मूळ वायूहून अधिक घातक आहे. ‘नायट्रिक ऑक्साइड निम्म्याने घटला’ असे पत्रकात छापलेले असेल आणि त्यातला बराचसा भाग डायऑक्साइड होऊन बाहेर पडला असेल, तर शुद्धी कसली झाली? प्रकाशित टिटॅनियम डायऑक्साइडवर नायट्रस आम्लाची वाफही तयार होते, असे प्रयोगांत आढळले आहे. ही वाफ उन्हात फुटते व हवेत ओझोन वाढविण्यास हातभार लावते. खोलीतील सेंद्रिय वाफांचे ज्वलन अपुरे राहिल्यास फॉर्मल्डिहाइडसारखा त्रासदायक वायू निघू शकतो. म्हणून अलीकडच्या काळात उत्प्रेरकाचा वेग वाढविण्याइतकेच त्याची क्रिया शेवटापर्यंत नेण्यास महत्त्व आले आहे, आणि ते योग्यच आहे.

भिंतीवर साचलेल्या नायट्रेटचे काय होते? पाऊस ते धुऊन नेतो. युरोपातील शहरांत पाऊस वर्षभर अधूनमधून पडतो, त्यामुळे भिंत आपोआप धुतली जाते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. पुढे हिवाळा व उन्हाळा मिळून धूळ, काजळी व नायट्रेट यांचा थर चढत राहतो, आणि ऊन सर्वांत कडक असते तेही याच काळात. उत्प्रेरक झाकलेला आणि प्रकाश भरपूर, अशी ही विसंगती होते. भिंत वेळोवेळी धुवावी असा सल्ला कोणी देईल, पण मार्च-एप्रिलमध्ये ज्या गावात टँकर येतो तेथे त्या सल्ल्याचा उपयोग काय?

सर्वांत मोठी अडचण मात्र उत्प्रेरकाच्या बाहेरची आहे. ती उच्च प्राथमिक वर्गातील मुलांना साध्या गुणाकाराने समजते. भिंत दहा मीटर लांब आहे. तिच्या कडेने सेकंदाला एक मीटर वेगाने वाऱ्याची झुळूक वाहते आहे. हवेला भिंत ओलांडावयास दहा सेकंद लागतील. आता उत्प्रेरक परिपूर्ण आहे आणि स्पर्श होताच प्रत्येक दूषित रेणू नाहीसा होतो, असे मानू. तरी रेणूने प्रथम भिंतीपर्यंत आले पाहिजे. भिंतीलगतची हवा संथ असते व रेणू तीतून वाट काढीत येतात. हा येण्याचा वेग सेकंदाला अर्धा सेंटिमीटर धरला, तर दहा सेकंदांत पाच सेंटिमीटर जाडीच्या थरातील रेणू तेवढे भिंतीला पोचतात. भिंतीपासून वीतभर अंतरावरून जाणारी हवा, आणि तीच मुले श्वासात घेतात, जशीच्या तशी पुढे निघून जाते. उत्प्रेरक दसपट चांगला केला तरी हा पाच सेंटिमीटरचा आकडा वाढत नाही, कारण गणित मांडताना उत्प्रेरक परिपूर्ण धरलाच होता.

मग प्रयोगशाळेत मोठे आकडे येतात ते कसे? २००७ साली ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाण-चाचणीची रीत पाहिली, की उलगडा होतो. सुमारे पाच सेंटिमीटर रुंद व दहा सेंटिमीटर लांब नमुना एका पेटीत ठेवतात, त्यावर अतिनील दिवा सोडतात, आणि वायुमिश्रित हवा नमुन्यावरून सावकाश वाहवितात. नमुना व त्यावरील काच यांमध्ये फट असते अवघी पाच मिलिमीटरची. एवढ्या फटीतून जाणारी हवा उत्प्रेरकाला चुकवून जाईल कोठे? चाचणी लबाडीची नाही. दोन उत्प्रेरकांची तुलना करण्यास ती उत्तम आहे. पण तीतील आकडा रस्त्याला किंवा शाळेच्या अंगणाला लावणे चूक आहे.

याचा अनुभव बेल्जियममध्ये आला. ब्रुसेल्स शहरातील लिओपोल्ड दुसरा या नावाच्या बोगद्यात युरोपीय शास्त्रज्ञांच्या एका पथकाने काही भागावर टिटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिला, अतिनील दिवे बसविले, आणि २०११ ते २०१३ या काळात मोजमापे घेतली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत झालेली घट मापनाच्या अनिश्चिततेतच हरवली. फार तर शेकडा दोन, एवढेच त्यांना म्हणता आले. वाहनांच्या घाणीने लेप निष्प्रभ होत गेला, बोगद्यातील वारा जोराचा व हवा दमट होती, आणि प्रकाश पुरेसा नव्हता, ही कारणे त्यांनीच नोंदविली. २०१६ साली ब्रिटनच्या हवाविषयक तज्ज्ञगटानेही अशा रंगांचा व पृष्ठांचा आढावा घेतला. त्यांच्या व्यापक वापराने उघड्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड कमी होतो यास फारसा पुरावा नाही, असे त्यांचे मत पडले. पैसे व श्रम खर्चून केलेल्या कामाचा निकाल प्रतिकूल आला असता तोही मोकळेपणाने प्रसिद्ध करणे, ही शास्त्राची रीत येथे दिसते.

तेव्हा हे उत्प्रेरक निरुपयोगी आहेत काय? तसे मुळीच नाही. त्यांना योग्य जागा हवी. रोम येथे २००३ साली पूर्ण झालेल्या, तीन पांढऱ्या शिडांसारख्या भिंतींच्या एका चर्चमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले सिमेंट वापरले आहे. त्याचा मुख्य हेतू भिंती पांढऱ्या राखण्याचा होता. मळ भिंतीवर बसलेलाच असतो, त्याला बोलावून आणावे लागत नाही. म्हणून हे काम उत्प्रेरकाला मानवते. दुसरी योग्य जागा म्हणजे बंद पेटी, जीत पंख्याने तीच हवा पुन्हा पुन्हा उत्प्रेरकावरून फिरविता येते. आंब्याच्या अढीत एक फळ पिकले, की शेजारची फळे लवकर पिकू लागतात. पिकणाऱ्या फळातून निघणारा एथिलीन वायू त्याचे कारण होय. बंदिस्त जागेत वाढविलेल्या रोपांना हाच वायू साचून घातक होतो. १९९५ साली अमेरिकेच्या अवकाशयानातून पाठविलेल्या वनस्पतींच्या पेटीत टिटॅनियम डायऑक्साइड व अतिनील दिवे यांच्या साहाय्याने एथिलीन नाहीसा करण्याची योजना होती. वायू थोडा, जागा लहान, हवा बंदिस्त, दिवा हाताशी, आणि अखेरीस उरणार कार्बन डायऑक्साइड व पाणी. सर्व अटी जुळल्या, तेथे उत्प्रेरक कामास आला.

खेड्यातील मुलांच्या छातीला सर्वाधिक त्रास देणारी गोष्ट मात्र या अटींत बसत नाही. चुलीच्या व पाचटाच्या धुरात अतिसूक्ष्म काजळीचे कण व कार्बन मोनॉक्साइड असतो. काजळी उत्प्रेरकावर बसून त्याचा प्रकाशच अडविते, आणि कार्बन मोनॉक्साइडवर साधे टिटॅनियम डायऑक्साइड नेहमीच्या तापमानात फारसे चालत नाही. ज्या शाळेच्या पडवीत माध्यान्ह भोजन अजून लाकडांवर शिजत असेल, तेथे रंगाच्या जादा किमतीत गॅसची शेगडी किंवा निदान धुराडे आणि झडपेची खिडकी होत असेल, तर पैसा कोठे घालावा याचा निर्णय कठीण नाही. पाचट न जाळता शेतातच कुजू दिले, तर तो धूर निर्माणच होत नाही.

असा रंग विकावयास कोणी आलाच, तर शिक्षकांनी त्यास विचारावे, की कोणता वायू कमी होतो, पेटीत मोजला की उघड्यावर, कोणत्या प्रकाशात, त्या जागी दुसरा कोणता वायू वाढला, आणि आठ महिने पाऊस न पडता धूळ बसल्यावर पुन्हा मोजले होते काय. वर्गखोलीच्या आतील भिंतींसाठी तो सुचविला जात असेल, तर प्रकाशाचा प्रश्न प्रथम विचारावा. खोलीत येणाऱ्या उजेडात अतिनील किरण अगदी थोडे असतात.

उत्प्रेरकाचे काम मुलांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून पुढील प्रयोग सुचविला आहे. टिटॅनियम डायऑक्साइड खेड्यात मिळणे कठीण, पण त्याच जातीचे काम करणारे झिंक ऑक्साइड औषधाच्या दुकानात पूड म्हणून मिळते. रंगासाठी मेथिलीन ब्लू घ्यावा. शोभेच्या माशांचे सामान विकणाऱ्यांकडे तो असतो. शाई वापरून पाहण्यास हरकत नाही, मात्र सर्व शाया सारख्या वागत नाहीत. चार सारख्या ग्लासांत सारखे पाणी घेऊन प्रत्येकात रंगाचे थेंब मोजून टाकावेत. रंग आकाशाइतकाच फिका असावा. पहिल्या व तिसऱ्या ग्लासात अर्धा चमचा पूड घालावी, दुसरा व चौथा तसाच ठेवावा. पहिला व दुसरा ग्लास उन्हात उघडा ठेवावा. तिसरा व चौथा त्याच उन्हात, पण पत्र्याचा डबा उपडा घालून झाकावा. उन्हाची ऊब चौघांनाही लागेल, प्रकाश दोघांनाच मिळेल. सकाळी अकराच्या सुमारास आरंभ करून दर पंधरा मिनिटांनी चारही ग्लास काडीने ढवळावेत. पाणी आटल्यास आधी केलेल्या खुणेपर्यंत भर घालावी, नाहीतर रंग उगाच गडद दिसेल. दोन-तीन तासांनंतर पूड खाली बसू द्यावी आणि चारही ग्लास पांढऱ्या कागदापुढे ओळीने मांडावेत. हा द्राव तोंडात जाऊ देऊ नये. हाताला व कपड्यांना त्याचे डाग पडतात, म्हणून काम अंगणात करावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

पहिल्या ग्लासातील रंग सर्वांत अधिक उतरलेला असावा. तिसऱ्यातही तो थोडा उतरलेला दिसेल आणि तळाची पूड निळसर झालेली असेल. तेथे रंग नष्ट झालेला नाही, पुडीला चिकटला आहे. दुसऱ्या ग्लासात नुसत्या उन्हाने किती रंग उडाला ते कळते. मुलांनी चारही निरीक्षणे, दिसली तशीच, वहीत लिहावीत. मग सातवीच्या मुलांना असे विचारावे, की ग्लास तीनच असते आणि एक वगळावा लागला असता, तर कोणता वगळला म्हणजे सर्वांत कमी नुकसान झाले असते, आणि कोणता वगळला असता तर पहिल्या ग्लासाबद्दल काहीच सांगता आले नसते.